शिट्टी कोणाच्या हाती?

दरवर्षी हिवाळा आला की आपल्या महाविद्यालयाच्या फलकावर एक सूचना लागते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरासाठी निवडलेल्या स्वयंसेवकांची यादी, तिच्याखाली सोबत आणावयाच्या वस्तूंची यादी आणि अगदी तळाशी गटनायकांची नावे. ताट, वाटी, तांब्या, अंथरूण-पांघरूण, बॅटरी यांच्यावर पालकांची नजर जाते. पहिल्या यादीवर आपली. तिसऱ्या यादीकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. प्रस्तुत लेख त्या तिसऱ्या यादीविषयी आहे. गटनायक कोण होतो, कशावरून होतो, आणि होण्यापूर्वी त्याला काय शिकवले जाते, एवढाच साधा प्रश्न मला विचारावयाचा आहे.

उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. ज्याचा आवाज मोठा, ज्याने स्नेहसंमेलनात निवेदन केले, ज्याला वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाली, किंवा जो सरांच्या लेखी 'कामाचा मुलगा' आहे, तो गटनायक. प्रशिक्षण म्हणाल तर निघण्याच्या आदल्या दुपारी एक बैठक. तीत शिस्तीवर वीस मिनिटे, वेळापत्रकाचे वाचन आणि चहा. दुसऱ्या दिवशी त्याच्या गळ्यात शिट्टी येते आणि मागे दहा पोरे. ही दहा जणे सात दिवस कोठले पाणी पितील, कोठे निजतील, रात्री दोन वाजता एखाद्याच्या पोटात कळ आली तर कोणाला उठवतील, याचे ज्ञान शिट्टीबरोबर मिळत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्याने स्वतः चार रात्री उघड्यावर काढलेल्या नाहीत, पिण्याचे पाणी स्वतःच्या हाताने शुद्ध केलेले नाही, चर खणलेला नाही, ओल्या लाकडावर चूल पेटवलेली नाही, त्याच्या हाती दुसऱ्याची मुले देऊ नयेत. मग तो विद्यार्थी असो की प्राध्यापक. (हे शेवटचे वाक्य छापून आले, तर संपादक मंडळातील सरांचे मन मोठे आहे असे वाचकांनी समजावे.)

ही योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात. तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत तिचा आरंभ केला तेव्हा ४०,००० विद्यार्थी तीत होते. आपल्या जिल्ह्याला तिचे लवकरचे दिवस विशेष जवळचे वाटावेत असे आहेत, कारण १९७३ साली विशेष शिबिरांना जो विषय देण्यात आला तो होता 'दुष्काळाविरुद्ध युवक'. १९७२ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्यात ज्यांनी पाहिला, ते आजही खडी फोडण्याची कामे आणि सुकडी यांविषयी बोलू लागले की थांबत नाहीत. त्या वेळी शिबिर म्हणजे बांध, खड्डे, घमेली. आज दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे एक शिबिर असा हिशेब आहे. हिशेब चांगला आहे. पण मधल्या काळात शिबिर हळूच घरात शिरले, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

आजचे शिबिर शाळेच्या खोल्यांत किंवा मंगल कार्यालयात भरते. स्वयंपाकाला आचारी, पिण्याला जारचे पाणी, मागे फ्लेक्स, पुढे ध्वनिक्षेपक. सकाळी दोन तास झाडलोट आणि तिचे छायाचित्र, दुपारी व्याख्यान, रात्री नकला. लग्नात आणि शिबिरात फरक इतकाच राहिला आहे की लग्नात अक्षता पडतात. या व्यवस्थेत गटनायकाला काही न येणे खपून जाते, कारण काही यावे लागतच नाही. प्रश्न उभा राहतो तो एखाद्या वर्षी आचारी, जार आणि पक्की खोली यांपैकी एखादी गोष्ट चुकते तेव्हा.

यंदा ती चुकली. आपले शिबिर माझ्या गावच्या, म्हणजे करकंबच्या, शिवारातील एका वस्तीवर होते. गाव पंढरपूर तालुक्यातले. बागायत बरीच, ऊस भरपूर. माणसे वस्त्यांवर पांगलेली. मी गावची म्हणून मला त्या शिबिराचा अभिमान होता आणि आजही आहे. श्रमदान झाले, सर्वेक्षण झाले, वस्तीवरच्या बायकांनी निरोप देताना डोळ्यांना पदर लावला. अहवालात हे सर्व आहेच. अहवालात नसलेल्या दोन गोष्टी मी येथे सांगते.

पहिली पाण्याची. जार आणणारी गाडी दुसऱ्या दिवशी आलीच नाही. शेतीपंपाची वीज रात्रीची. कोणीतरी शेततळ्यातून दोन बॅरल भरून आणले, पाणी दिसायला स्वच्छ होते, आणि पन्नास जण ते प्याले. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा जणांना जुलाब. गावच्या आशाताई क्षारसंजीवनीची पाकिटे घेऊन आल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बॅरलमधी टीसीएल टाकलं होतं का?" आम्ही सर्व एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. पदवीच्या वर्गात बसणारी पन्नास मुले, त्यांत पाच गटनायक, आणि ज्या पावडरीचा डबा प्रत्येक ग्रामपंचायतीत असतो ती कशाशी खातात हे एकालाही ठाऊक नव्हते.

आशाताईंनी पुढील अर्ध्या तासात जे दाखवले ते सांगण्यासारखे आहे. चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर हजार लिटर स्वच्छ पाण्याला साधारण अडीच ग्रॅम लागते. म्हणजे दोनशे लिटरच्या बॅरलला अर्धा ग्रॅम, चिमूटभरच. ती थेट बॅरलमध्ये टाकायची नाही. आधी थोड्या पाण्यात कालवून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी ओतायची. मग तासभर थांबायचे. शेवटी नळीत थोडे पाणी घेऊन ओटी नावाच्या द्रावाचे थेंब टाकायचे. पिवळसर रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, पाणी प्यावे. उघड्या डब्यातली जुनी पावडर निकामी होत जाते, हेही त्यांनीच सांगितले. ही सर्व विद्या अर्ध्या तासाची. ती नव्हती म्हणून सातांतले दोन दिवस गेले, आणि एका मुलाला सलाईन लावावे लागले. तो बरा झाला म्हणून ही हकीकत मी हलक्या मनाने लिहू शकते.

दुसरी गोष्ट रात्रीची. मुलांच्या अंथरुणांची रांग भिंतीला चिकटून होती, कारण भिंतीला टेकून गप्पा मारता येतात. वस्तीवरची एक म्हातारी पहिल्याच दिवशी ओरडून गेली होती, "भिताडाकडंला निजू नगा रं पोरांनो, आथरूण आधी झाडा." कोणी मनावर घेतले नाही. चौथ्या रात्री एकाच्या सतरंजीखाली मण्यार निघाली. आरडाओरडा झाला, वस्तीवरचा एक माणूस धावत आला, आणि कोणाला काही झाले नाही. परंतु मण्यार हा कोणता प्राणी आहे, हे मी नंतर समजून घेतले तेव्हा माझी झोप उडाली. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. त्यांत मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दंश बहुधा दुखत नाही, सूज येत नाही. माणूस मुंगी चावली असे समजून कूस बदलतो. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलता येईनासे होते. अशा वेळी मांत्रिकाकडे, किंवा 'सकाळी बघू' म्हणण्यात, एक तास घालवणे म्हणजे माणूस घालवणे. प्रतिविष कोठे मिळेल, तेथे जायला वाहन कोणते, १०८ ला फोन करायला या वस्तीवर रेंज कोठे येते, हे शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी गटनायकाला पाठ हवे. आमच्या पाचांपैकी एकाला तरी होते काय? त्यांना विचारावे. ते माझे मित्र आहेत आणि त्यांचा यात दोष नाही. ज्याला पोहायला शिकवले नाही त्याला विहिरीवर पहारेकरी नेमण्यात नेमणाऱ्याचा विचार चुकतो.

पोहण्यावरून आठवले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला गेलेले एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. आपल्याकडे समुद्र नाही, पण भीमा आहे, आणि वाळू उपशाने तिच्या पात्रात असे खड्डे झाले आहेत की गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस एका पावलात डोक्याबरोबर बुडतो. शिबिर नदीकाठी असले की अंघोळीला नदीवर जाणे हा कार्यक्रमच असतो. पाण्यात कोणी किती जणांनी उतरायचे, काठावर दोरी घेऊन कोण उभे राहायचे, किती वेळाने मोजदाद करायची, या गोष्टी जगभर शिबिरांत शिकवल्या जातात. शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण काढले आणि प्रशिक्षित माणसे, प्रथमोपचार यांचा आग्रह धरला. आपले शिबिर त्या धोरणाच्या कक्षेत येवो वा न येवो, पाण्याची खोली धोरण वाचून कमी होत नाही.

मग नायक घडवावा कसा? येथे मला थोडे दूर जाऊ द्यावे.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे आठवड्याचे शिबिर घेतले. मुले चार टोळ्यांत विभागली आणि प्रत्येक टोळीचा नायक मुलांतलाच केला. स्काउट चळवळ त्यातून निघाली हे सर्वांना ठाऊक असते. मला महत्त्वाचे वाटते ते बारा वर्षांनंतरचे. मुले हजारांनी आली, पण त्यांना रानात नेणारी मोठी माणसे अडाणी, ही अडचण तेव्हा ध्यानात आली. म्हणून १९१९ मध्ये लंडनजवळ गिलवेल पार्क येथे नायकांचे प्रशिक्षण सुरू झाले. त्याची रीत अशी की प्रौढ माणसांनी, शिक्षकांनी, कारकुनांनी तेथे येऊन मुलांसारखे टोळी करून राहायचे; तंबू ठोकायचा, स्वयंपाक करायचा, भांडी घासायची, पावसात भिजायचे. व्याख्याने होती, परंतु मुख्य पाठ अंगावर घेण्याचा होता. पुरे करणाऱ्याला गळ्यात घालायला दोन लाकडी मणी मिळत. आपल्या भारत स्काउट्स आणि गाइड्स या संघटनेत, जी ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन स्थापन झाली, ही परंपरा चालू आहे. प्राथमिक वर्ग, प्रगत वर्ग आणि मग 'हिमालय वुड बॅज'. सातपुड्यात पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र. आपल्या तालुक्यातील कित्येक शाळांतील स्काउट मास्तर या पायऱ्या चढून आलेले आहेत. महाविद्यालयात आलो की मात्र आपण त्यांना विसरतो, जणू काही अकरावीत गेल्याबरोबर चूल आपोआप पेटू लागते.

गिर्यारोहणात तर याहून कडक शिरस्ता आहे. १९५४ साली दार्जिलिंगला आणि १९६५ साली उत्तरकाशीला गिर्यारोहण संस्था निघाल्या. तेथे आधी प्राथमिक वर्ग, मग प्रगत वर्ग. आणि त्यात चांगली श्रेणी मिळवलेल्यालाच पुढे 'शिकवण्याची पद्धत' शिकवणारा वेगळा वर्ग करता येतो. स्वतःला डोंगर चढता येणे ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याला सुखरूप चढवून उतरवणे ही निराळी, हे त्यांनी मान्य केले आहे. आपण पहिलीही गोष्ट न पाहता दुसरी सोपवतो.

आपल्या महाराष्ट्रालाही शिबिर नवे नाही. ४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली तेव्हा एस. एम. जोशी दलप्रमुख होते. शाखा, शिबिरे आणि कलापथके यांतून एक पिढी घडली. बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, ती चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात. या ठिकाणी नायक भाषणातून निवडला जात नसे असे जुने लोक सांगतात. तो कुदळीवर आणि खरकट्या भांड्यांवर ओळखला जाई.

परंतु इतके दूर तरी कशाला जावे? करकंबच्या माणसाला शिबिर शिकायला गावाची वेस ओलांडावी लागत नाही. आषाढीच्या आधी पैठणहून निघालेली एकनाथ महाराजांची पालखी आणि त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तीनाथांची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते. आमच्या घरच्या अंगणात एका दिंडीचा उतारा असतो, म्हणून लहानपणापासून मी ते जवळून पाहिले आहे. माणसे दुपारी येतात. त्यापूर्वी सामानाची गाडी आलेली असते. तंबूची जागा ठरवणारा माणूस आधी जमिनीचा उतार पाहतो, पाऊस आला तर पाणी कोणीकडून वाहील याचा अंदाज घेतो, मग खुंटी ठोकतो. स्वयंपाकाची माणसे वाऱ्याची दिशा पाहून चर खणतात आणि त्यावर लांब चूल मांडतात. पाण्याचा टँकर एका कडेला, आंघोळी दुसऱ्या कडेला. दोन तासांत शंभर माणसांचे गाव उभे राहते आणि पहाटे ते नाहीसे होते. मागे राहते राख, आणि तीही पाणी मारून विझवलेली. यांतील एकाच्याही गळ्यात शिट्टी नसते.

ज्ञानेश्वर महाराजांच्या सोहळ्यात संध्याकाळी समाजआरती होते, तिच्याविषयी ज्यांनी ऐकले नसेल त्यांच्यासाठी सांगते. चोपदार हातातला दंड वर करतो आणि लाखाचा समुदाय गप्प होतो. टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, सोडवतात, मगच आरती होते. हरवलेल्या, सापडलेल्या वस्तूंची पुकारणीही त्याच वेळी होते. नेतृत्वावरची माझी वाचलेली पुस्तके फारशी नाहीत, परंतु रोज संध्याकाळी तक्रार ऐकल्यावाचून आरती नाही, याहून चांगला नियम त्यांत मिळेल असे वाटत नाही. आमच्या शिबिरात पाणी वेगळे लागते असे दोन मुलींनी दुपारीच म्हटले होते. ते ऐकून घेण्याची वेळ वेळापत्रकात कोठेच नव्हती. 'सुसंवाद' या विषयावरचे व्याख्यान मात्र होते.

वारकऱ्यांखेरीज आणखी दोन गुरू आपल्या शिवारात येतात. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि बांबू, पाचट यांची कोपी पाहता पाहता उभी करतात. पाचटाशेजारी विस्तव कसा सांभाळायचा हे त्यांच्या बायकांना विचारावे; आपल्याकडे शेकोटीचा कार्यक्रम उसाच्या फडापासून किती अंतरावर घ्यावा याचा विचारही कोणी करत नाही. दुसरे धनगर. शेतात मेंढ्या बसवायला आले की वाघर लावून, कुत्री सोडून, पोराबाळांसह माळावर निवांत निजतात. रात्री कोणता आवाज कोल्ह्याचा आणि कोणता काळजीचा, हे त्यांना कळते. २०२० च्या डिसेंबरात शेजारच्या करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसे मारली तेव्हा सारा जिल्हा संध्याकाळी दारे लावून बसत होता. त्या दिवसांतही ही माणसे उघड्यावरच होती. त्यांची अशी वेळ आली हे काही भूषण नव्हे. या माणसांचे हाल गोड मानून घ्यावेत असे मला म्हणायचे नाही. त्यांच्याजवळ जी विद्या आहे ती आपल्याजवळ नाही आणि ती मोबदला देऊन, मान देऊन शिकावी, इतकेच म्हणायचे आहे.

आता आक्षेप. आम्ही कला शाखेचे. गाठी मारणे आणि चर खणणे आमच्या अभ्यासक्रमात कोठे बसते, असा प्रश्न एका मित्राने विचारला. समाजशास्त्राच्या पेपरात ग्रामीण आरोग्यावर पंधरा गुणांचे उत्तर लिहिणाऱ्याने असे विचारावे याचे मला नवल वाटले. दुसरा आक्षेप धोक्याचा: उघड्यावर नेले आणि काही झाले तर? याचे उत्तर वर आलेच आहे. जे व्हायचे ते चार भिंतींच्या आतही होत होते. उलट पंधरा माणसे, सोबत जाणता शिक्षक, जवळ दवाखाना अशा बेताने घेतलेल्या वर्गात शिकणे, पन्नास जणांचे ओझे घेऊन शिकण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. पैशाचा आक्षेप मला खरा वाटत नाही. एका वर्षीच्या फ्लेक्सचा खर्च वाचवला तर दोन तंबूंचे भाडे निघेल.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्यावर मला थांबावयाचे आहे. मुलींचे काय?

शिबिरात मुली रात्री पाणी पीत नाहीत. हे वाक्य कोणत्याही अहवालात सापडणार नाही, पण आमच्यापैकी कोणालाही विचारा. शौचालय दूर असते, दिवा नसतो, कडी नसते. म्हणून संध्याकाळी सहानंतर तांब्याला हात लावायचा नाही, असा अलिखित नियम आम्ही स्वतःच करून घेतो. दिवसभर उन्हात घमेली उचलून रात्री तहान मारायची. दोघींना शिबिरानंतर लघवीची जळजळ सुरू झाली. त्यांनी ती कोणाला सांगितली नाही, मलाही उशिराच सांगितली. याला तोडगा नाही असे नाही. झोपण्याच्या जागेपासून जवळ पण पाण्यापासून दूर असा हातभर खोल चर, भोवती पोत्यांचा वा साडीचा आडोसा, शेजारी मातीचा ढीग आणि एक टिनपाट, वाटेवर रात्रभर जळणारा एक दिवा, जोडीने जाण्याचा नियम, आणि पाळीच्या कापडांची, पॅडची विल्हेवाट लावण्याची ठरलेली जागा. दोन तासांचे काम. परंतु हे काम सुचण्यासाठी जागा पाहायला जाणाऱ्यांत एक बाई असावी लागते. यंदा जागा पाहायला चौघे गेले होते; चौघेही पुरुष. त्यांना प्रवेशद्वाराला कमान कोठे उभारता येईल ते दिसले. गटनायिका आमच्यातही असते, पण तिचे काम मुलींची हजेरी घेणे आणि रांगोळी काढवून घेणे एवढेच. तिला जागेपासून जमाखर्चापर्यंत सारे शिकवले आणि विचारले, तर शिबिराला न येणाऱ्या निम्म्या मुली येतील. घरचे नाही म्हणतात ते रानाला भिऊन नव्हे. आपल्या मुलीकडे पाहणारे जाणते कोणी तेथे आहे, याची खात्री त्यांना नसते, आणि त्यांचे चुकते असे मला म्हणवत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. पुढील वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर, हिवाळी शिबिराच्या आधी निदान महिनाभर, होऊ घातलेल्या गटनायकांचा चार रात्रींचा वर्ग करकंबच्या शिवारात घ्यावा. बारा विद्यार्थी, त्यांत सहा मुली. कार्यक्रम अधिकारी आणि एक प्राध्यापिका, या दोघांनीही टोळीत राहून. आचारी नाही, जार नाही, पाहुणे नाहीत, उद्घाटन तर नाहीच. शिकवायला तालुक्यातील एखादे अनुभवी स्काउट मास्तर, आशाताई, दिंडीच्या स्वयंपाकाचे एक जुने वारकरी आणि साप ओळखणारा जाणता माणूस. पहिल्या दिवशी जागा पाहणे, पाणी आणि चर. नंतर चूल, रात्रीचा पहारा, प्रथमोपचार. एका रात्री कोणालाही न सांगता दोन वाजता उठवावे आणि म्हणावे, अमक्याला साप चावला आहे, आता काय कराल? दवाखान्यापर्यंत प्रत्यक्ष जाऊन, घड्याळ लावून परत यावे. शेवटच्या दिवशी ज्याला वा जिला जमले त्याच्या हाती शिट्टी द्यावी. न जमले त्याने पुढच्या वर्षी पुन्हा यावे, यात कमीपणा काही नाही. वक्तृत्वाच्या ढालीचा यात विचार करू नये.

जागेची चिंता नको. आमच्या शेताला लागून एक पडीक तुकडा आहे, शेजारी विहीर आहे आणि वडिलांनी होकार दिला आहे. आईने एकच विचारले, सोबत बाई कोण आहे? ते नाव महाविद्यालयाने कळवावे. माझ्याखेरीज आणखी तिघी यायला तयार आहेत. मुलांची नावे अद्याप आलेली नाहीत.